वीज गेली, तरी कॉफीचा मग टेबलावरच

आज संध्याकाळी एक नवा अंतराळातला गेम खेळायला घेतला आणि तासाभरात संतापून बंद केला. शत्रूच्या माऱ्यात माझ्या यानाची अणुभट्टी बंद पडली, दिवे गेले, प्राणवायू संपत आल्याची सूचना घुमू लागली, आणि त्या मिट्ट काळोखात, खरे तर वजन जाऊन तरंगायला हवा होता तो टेबलावरचा कॉफीचा मग मात्र जागचा हलला नाही. माझे पात्र धपधप पावले वाजवत धावत होते. ज्यांनी बंदुकीवरचा ओरखडासुद्धा जीव ओतून रंगवला, त्यांना पायाखालच्या वजनाचा विचार एकदाही करावासा वाटू नये, हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होणार नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला जत्रेत ‘मौत का कुआँ’ दाखवायला नेले होते. मोटारसायकल आधी तळाशी घुमली, मग तिरक्या फळ्यांवर चढली आणि वेग आल्यावर थेट उभ्या भिंतीवर आली. ती जवळून गेली की आमच्या पायाखालची फळी थरथरायची. वडिलांनी कठड्याबाहेर दहाची नोट धरली आणि त्या माणसाने एक हात सोडून ती अलगद टिपली. “अण्णा, तो पडत का नाही?” असे मी विचारले. “फिरतोय ना, म्हणून,” एवढेच ते म्हणाले.

चाकासारख्या फिरत्या अंतराळस्थानकात याहून वेगळे काही घडत नाही. तिथे भिंत हीच जमीन होते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मिनिटाला दोन फेऱ्या घेऊन पृथ्वीइतके वजन हवे असेल, तर चाकाची त्रिज्या सुमारे 225 मीटर लागते. चाक लहान करून वेग वाढवला, तर मान वळवताच माणसाला गरगरते. आणि वजनच नसेल तर काय होते, हे आपण मार्च 2025 मध्ये पाहिले आहे. अंतराळात 286 दिवस राहून परतलेल्या सुनीता विल्यम्स यांना कुपीतून बाहेर काढून स्ट्रेचरवर ठेवले होते. रोज दोन तास व्यायाम करूनही तिथे हाडे झिजतात. असे असताना गेममध्ये हे वजन फुकट वाटून टाकायचे?

1984 साली ‘एलिट’ हा अंतराळातला गेम करणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांच्याकडे पडद्यावर नुसत्या रेषा होत्या, तरी त्यांचे स्थानक फिरत होते आणि त्याच्या फटीतून आत शिरण्यासाठी आपले यान त्याच गतीने फिरवावे लागत होते. 2014 च्या ‘एलिट डेंजरस’मध्येही तेच आहे. त्यात फिरण्याशी आपोआप जुळवून घेण्याची सोय बंद केली, की आत शिरल्यावर उतरायचा तळ डोळ्यांदेखत बाजूला सरकू लागतो. मी ती सोय मुद्दाम बंद ठेवतो, कारण तळाचा पाठलाग करताना हाताला त्या जत्रेतल्या फळीची थरथर जाणवते.

तरंगणारी पात्रे दाखवणे खर्चिक असते आणि काही खेळाडूंना त्याने मळमळते, हे मान्य आहे. सगळी याने फिरलीच पाहिजेत, असेही माझे म्हणणे नाही. ‘मास इफेक्ट’ या गेमने वजनासाठी एक काल्पनिक मूलद्रव्य पुढे केले, ठीक आहे, निदान काही कारण तरी दिले. ‘डेड स्पेस’मध्ये तर इशिमुरा यानावरचे बंद पडलेले अजस्र सेंट्रिफ्यूज, म्हणजे फिरून वजन निर्माण करणारे यंत्र, नायक आयझॅकला स्वतः सुरू करावे लागते. 2008 सालचा तो गेम. पण गुरुत्वाकर्षण हेही बिघडू शकणारे यंत्र आहे, हे त्या लोकांना कळले होते.

त्या दिवशी शेवटी मोटारसायकलचा आवाज उतरत गेला, तसा तो माणूस एकेका फेरीने खाली येत गेला आणि तळाला पाय टेकवून थांबला. तोवर मी अण्णांचा हात घट्ट धरून ठेवला होता. आज त्या अंधाऱ्या यानात मी धावायचे थांबलो आणि कॉफीचा मग टेबलावरून सुटेल म्हणून मिनिटभर त्याच्याकडे पाहत उभा राहिलो.