‘सगळं बरं झालं ना?’ या प्रश्नाला उत्तर एकच येतं

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे पेशंटच्या भाषेत ‘भुलीची डॉक्टर’. डिस्चार्जच्या गडबडीत पेशंटच्या हातात एक फॉर्म देतात: सेवा कशी वाटली? जवळपास सगळे ‘उत्तम’वर खूण करतात आणि गठ्ठा फाइलला लागतो. त्या ‘उत्तम’वर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

मागे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. कमरेत सुई देऊन भूल दिली होती, सगळं नीट पार पडलं होतं.
‘आजी, काही त्रास?’
‘न्हाई बाई. देवमाणसं तुम्ही.’
निघता निघता सहज विचारलं, ‘तहान लागली होती का हो?’ तर आजींनी हातच धरला. रात्री नऊपासून पाणी बंद आणि नंबर लागला दुपारी दोनला. ‘जीभ टाळ्याला चिकटली हुती. आत गेल्यावर थंडीनं दात वाजाया लागले. पर तुमी कामात, म्हणलं कशाला बोलायचं.’
मी त्यांच्या उशाशीच उभी होते. मॉनिटरवरचे सगळे आकडे छान होते!

ब्रिटनमध्ये २०१४ साली दोन दिवसांत सुमारे १५ हजार पेशंटना ऑपरेशननंतर असंच नेमकं विचारलं गेलं. ३५ टक्के लोकांनी काही ना काही तीव्र त्रास सांगितला आणि त्यात तहान सगळ्यात वर होती. पण भुलीच्या सेवेबद्दल नाराज किती? फक्त ५ टक्के. ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आलेला माणूस उपकाराच्या ओझ्याखाली असतो, तो तक्रार कशी करेल? त्यातून विचारणारी मीच, भूल देणारीही मीच.

आणि पाण्याचं म्हणाल तर पोटाची विशेष तक्रार नसेल तर साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. तरी लिस्ट मागेपुढे होईल म्हणून आपण सरसकट ‘रात्रीपासून काही नको’ सांगून मोकळे होतो. याचा मला मनापासून राग येतो.

आता आमच्याकडे दुसऱ्या दिवशी मी नाही, वॉर्डातल्या सिस्टर विचारतात. तहान, थंडी, घसा, मळमळ, भीती, एकेक वेगळं. परवा एका काकांनी त्यांना सांगितलं, ‘टेबलावर घेतल्यावर मला कुणी नावानं हाक मारली नाही. नुसतं हर्निया, हर्निया चाललं होतं.’

यादीत सहावा प्रश्न आता तो आहे.