समुद्रावरचा पंक्तिप्रपंच

क्रूझवर समुद्र पाहण्यासाठी जायचे असते, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हा लेख इथेच बाजूला ठेवावा आणि गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडावी. तोच खारा वारा लागेल आणि खर्च पुष्कळ कमी होईल. हे मार्गदर्शन वारंवार बोटीवर जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना समुद्र दिसेनासा झाला असून त्या जागी आपल्या गळ्यातल्या, आपला दर्जा सांगणाऱ्या कार्डाचा रंग दिसू लागला आहे, अशा अनुभवी मंडळींसाठी. आम्हा न्यू जर्सीकरांना हे व्यसन जडायला वेळ लागत नाही. एडिसनहून बेयॉनचा क्रूझचा धक्का गाडीने तासाभराच्या आत येतो, विमानाचे तिकीट काढावे लागत नाही, आणि मंडळाच्या गणपतीत ‘यंदा कुठे?’ असे कोणी विचारले की उत्तर तयार असते. आमच्या कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ याचा अर्थ तो पगार घेऊन बोटीवर असतो, असा होतो. स्वतः पैसे मोजून बोटीवर असणे ही त्यापुढची पायरी समजावी.

सुरुवात गुणांपासून करावी. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’त, म्हणजे तिच्या नेहमीच्या प्रवाशांच्या मंडळात, एका रात्रीला एक गुण मिळतो. तीन गुणांवर माणूस गोल्ड होतो, ३० वर प्लॅटिनम, ५५ वर एमराल्ड, ८० वर डायमंड, १७५ वर डायमंड प्लस आणि ७०० वर पिनॅकल. सातशे गुण म्हणजे साध्या केबिनमधल्या सातशे रात्री, म्हणजे सात-सात रात्रींच्या शंभर सफरी. वर्षाला चार केल्या तर पंचवीस वर्षे. एवढ्या काळात पंढरीच्या पंचवीस वाऱ्या झाल्या असत्या हे खरे, परंतु पंचविसाव्या वर्षीही वारकऱ्याच्या कपाळाला नवख्याएवढाच बुक्का लागतो, ही त्या व्यवस्थेतली मोठीच त्रुटी आहे. बोटीवर असा अन्याय होत नाही. डायमंड झालेल्याला दिवसाला चार पेये फुकट मिळतात, डायमंड प्लसला पाच आणि पिनॅकलला सहा. सहावा पेला मिळवण्यासाठी माणसाने आयुष्याची किती वर्षे वेचली, हे बारवर त्याच्या शेजारी बसलेल्याला दोन मिनिटांत कळते, कारण तो ते स्वतःहून सांगतो.

ज्यांना इतका धीर नाही त्यांच्यासाठी स्वीट, म्हणजे बोटीवरची ऐसपैस आणि महागडी खोली, आहे. स्वीट घेतला की रात्रीला दोन गुण मिळतात, आणि स्वीटमध्ये एकटेच राहून दोघांचे भाडे भरले तर तीन. तीनच्या हिशेबाने पिनॅकलपद २३४ रात्रींत, म्हणजे अवघ्या चौतीस सफरींत पदरात पडते. म्हणून ज्यांना खरोखर वर चढायचे आहे त्यांनी जोडीदाराला घरी ठेवावे, हे ओघानेच आले. यात जोडीदाराचेही नुकसान नाही, कारण एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींना दोघांतला वरचा दर्जा मिळतो. आपण समुद्रावर आणि ती ओसरीवर, तरी दोघेही पिनॅकल. फक्त पुढेमागे काडीमोडाची वेळ येणार असेल तर गुण कोणाच्या खात्यावर आहेत, हे आधी पाहून ठेवावे. घराचे पुढे पाहता येईल.

आता स्वीट म्हटला की सगळे झाले, असे मानण्याचा भोळेपणा करू नये. या कंपनीच्या मोठ्या बोटींवर स्वीटच्याही तीन जाती आहेत: सी, स्काय आणि स्टार. यांतला सगळ्यात खालचा, ज्याला ज्युनियर स्वीट म्हणतात, तो माझ्या मते आपल्या मराठी मध्यमवर्गासाठीच घडवला आहे. त्याच्या नावात स्वीट आहे, बिलात स्वीट आहे, गुणही दुप्पट मिळतात. परंतु स्वीटवाल्यांच्या लाउंजचे दार त्याच्या कार्डाने उघडत नाही, आणि स्वीटवाल्यांचे जे खास रेस्टॉरंट, कोस्टल किचन, तिथे त्याला फक्त रात्रीच्या जेवणाला जाता येते. सकाळी त्याने बाकीच्या रयतेबरोबर बुफेच्या रांगेत आपले ताट घेऊन उभे राहायचे. चाळ सोडून ब्लॉकमध्ये आलेल्या, पण ब्लॉकवाल्यांनी अजून सत्यनारायणाला न बोलावलेल्या कुटुंबाची जी अवस्था होते, तीच ही. अशा प्रवाशाने करायचे एवढेच, की सकाळच्या वेळी लाउंजच्या दारासमोरच्या सोफ्यावर मोबाइल पाहत बसावे आणि कोणी ओळखीचे दिसले तर ‘आत फार गर्दी आहे’ असे म्हणावे.

याउलट स्टार वर्गाला एक माणूस दिमतीला मिळतो. त्याला जीनी म्हणतात, आणि तो दिव्यातून न येता फोनवरून येतो. कोणतेही टेबल, कोणत्याही खेळाची पुढची जागा, रांगेवाचून घसरगुंडी, सगळे तो जुळवून देतो. अडचण एकच, की मराठी माणसाला मागायची सवय नसते. लग्नात ‘जिलबी घ्या हो’ असा तीनदा आग्रह झाल्यावर अर्धी घेणाऱ्या समाजाला जीनी मिळाला, तर तो पहिले दोन दिवस ‘नको, नको, आम्ही बघतो’ म्हणण्यात घालवतो आणि तिसऱ्या दिवशी गरम पाणी मागतो. तेव्हा घरून यादी लिहून न्यावी. जानेवारी २०२४ पासून धावणाऱ्या आयकॉन ऑफ द सीज या वीस डेकच्या बोटीवर तर एक तीन मजली घरच आहे, आत घसरगुंडीसकट. दोन मजली घराचे हप्ते फेडता फेडता ज्याचे केस गेले, त्याने त्या घरात सात रात्री अवश्य राहावे, आणि घसरगुंडी वापरली नाही तरी तिचे पैसे भरले आहेत, ही जाणीव रोज सकाळी ठेवावी.

हा प्रकार एकाच कंपनीचा आहे, असे नाही. नॉर्वेजियनच्या बोटींवर कार्ड लावून आत जायचा एक वेगळाच भाग असतो, त्याला ‘हेवन’ म्हणतात; एमएससीच्या बोटींवर तसाच ‘यॉट क्लब’ असतो, तिथे चोवीस तास बटलर. आणि क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वर, जी २००४ पासून साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या मध्ये ये-जा करते, तुम्ही जेवायचे कुठे हे तुमची भूक ठरवत नाही, तुमची केबिन ठरवते: सर्वसाधारण केबिनवाले ब्रिटानियात, त्यावरचे प्रिन्सेस ग्रिलमध्ये आणि त्याहीवरचे क्वीन्स ग्रिलमध्ये. आपल्याकडे एकाच पंगतीत एकाला साजूक तूप आणि दुसऱ्याला नुसता भात वाढणे, याला पंक्तिप्रपंच म्हणत आणि ते पाप समजले जाई. वाढणाऱ्या काकूंनी त्याची किंमत लावली असती तर आज त्यांच्या बोटी असत्या. माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जात, तेव्हाही वर बसणारे वेगळे आणि खाली डेकवर ट्रंका, फणस आणि कोंबड्यांच्या शेजारी पथारी पसरणारे वेगळे. पण वरच्यांना खालच्यांच्या फणसाचा वास यायचा. ही उणीव आता वातानुकूलनाने भरून काढली आहे.

एकाच ठिकाणी या कंपन्या अजून मागे आहेत. बोट सुटण्यापूर्वी जी सुरक्षेची कवायत असते, तिच्यात स्वीटवाल्यालाही कार्डावर छापलेल्या क्रमांकाच्या जागी, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनवाल्यासारखीच, स्वतः जाऊन हजेरी लावावी लागते. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली तेव्हा वरच्या वर्गातले प्रवासी खालच्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात वाचले होते. इतकी प्रस्थापित परंपरा या धंद्याने का मोडू दिली, हे कळत नाही.

सामानाकडे वळू. विमानात तेवीस किलोच्या बॅगेत अर्धा किलो जास्त भरला तर काउंटरवरच्या बाई आपल्याला सगळ्या रांगेसमोर बॅग उघडायला लावतात आणि घरच्या कपड्यांची शोभा होते. बोटीवर हा त्रास नाही. रॉयल कॅरिबियनची कागदोपत्री मर्यादा माणशी दोनशे पौंड, म्हणजे साधारण नव्वद किलो आहे, आणि ते मोजायला कोणी काटा घेऊन बसत नाही. क्वीन मेरी २ वर तर लोक घर बदलल्यासारखे सामान नेतात. कुत्र्यांसाठीही तिथे स्वतंत्र खोल्या आहेत. तेव्हा नव्वद किलो भरावेच. सात रात्रींना एकवीस जोड, सुटाबुटाच्या रात्रीसाठी एक जोधपुरी, ती घट्ट झाली तर दुसरी, आणि साडीवरची इस्त्री मोडेल म्हणून इस्त्री. नेमकी इस्त्रीच नेऊ देत नाहीत. किटली, राइस कुकर, तापणारी प्रत्येक वस्तू धक्क्यावरच्या यंत्रात दिसते आणि बॅग आपल्या दाराशी येण्याऐवजी खालच्या एका खोलीत जाऊन बसते. तिथून ती सोडवून आणायला स्वतः जावे लागते, आणि त्या खोलीबाहेरच्या रांगेत मात्र स्वीट, ज्युनियर स्वीट आणि आतली केबिन यांची पूर्ण समता असते. घरी केलेला चिवडा आणि बरणीतले लोणचे यांनाही मज्जाव आहे. कारखान्यात बंद केलेले पाकीट असेल तर चालते. सासूबाईंच्या हातचा लाडू धोकादायक आणि दुकानातली बाकरवडी सुरक्षित, हा निर्णय कोणत्या अनुभवावरून घेतला गेला असेल, यावर मी भाष्य करणार नाही.

सामान चढवण्यापेक्षा उतरवणे अवघड. शेवटच्या रात्री अकराच्या आत क्रमांकाची चिठ्ठी बांधून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या गोळा होतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. एका सफरीत मी व्यवस्थितपणाच्या भरात सगळे भरले, चारही बॅगा बाहेर ठेवल्या, नाइट लॅम्प लावून झोपलो आणि सकाळी सहाला लक्षात आले की अंगावर निळ्या चौकटीचा पायजमा आणि गंजी एवढेच उरले आहे. बूटसुद्धा गेले होते. स्वीटमध्ये अंगरखा मिळतो, कापसासारखा मऊ, खिशावर बोटीचे चिन्ह असलेला. तो घालून, पायांत कागदी सपाता सरकवून, मी अमेरिकेच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर उभा राहिलो. त्याने पासपोर्ट पाहिला, मला पाहिले आणि ‘वेलकम होम’ म्हणाला. अंगरख्याचे पैसे नंतर खात्यातून वळते झाले. स्वीटधारकांना उतरताना वेगळी रांग असते, तिचा उपयोग असा की आपल्याला त्या वेषात पाहणारे लोक निवडक असतात.

राहता राहिले जेवण. बोटीवर अन्न मुबलक असते, हीच त्यातली अडचण आहे. जे सगळ्यांना पोटभर मिळते त्यात आपले वेगळेपण दिसणार कसे? म्हणून मुख्य भोजनगृहात तीन मजली झुंबराखाली तेच मासे, तेच सूप मिळत असले तरी तिथे जाऊ नये; गेल्यास ‘सहज बघायला आलो’ म्हणावे. स्वीटवाल्यांच्या रेस्टॉरंटात टेबले कमी, ताटे मोठी आणि ताटातला पदार्थ लहान असतो. एका अशाच जागी, बोटीचे नाव सांगत नाही, मी चौथ्या रात्री गाजराच्या तीन चकत्या आणि त्यांखाली ओढलेली हिरवी रेघ यांच्याकडे पाहत बसलो होतो. वेटरच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली ‘इंडिया’ लिहिलेले होते. त्याने पाणी ओतता ओतता हळूच विचारले, “काका, मराठी ना तुम्ही?” तो वेंगुर्ल्याचा निघाला. नऊ महिन्यांच्या करारावर होता, घरी गणपतीला पोचणार नव्हता. गाजरांकडे बघून तो म्हणाला, “थांबा जरा,” आणि दहा मिनिटांनी रुमालाखाली झाकून एक वाटी घेऊन आला. खाली कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी शिजलेली डाळ होती ती. वरून जिऱ्याची फोडणी, एक सुकी लाल मिरची, आणि बाजूला मूठभर भात.

मी सुखावलो, आणि हे स्वीटमुळेच झाले, याबद्दल मला शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नाशिकच्या एक आजी भेटल्या. सातव्या डेकवर, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये चार जणांत राहत होत्या. “तुम्हाला मिळाली का हो डाळ?” त्यांनी विचारले. “आमच्या टेबलावर वेंगुर्ल्याचा एक पोर असतो, तो पहिल्या रात्रीपासून आणून देतोय. त्याचा मामेभाऊ वर कुठे वाढायला असतो म्हणे.”

पहिल्या रात्रीपासून. मी तडक कॉन्सिअर्जकडे, म्हणजे स्वीटवाल्यांची सोय पाहणाऱ्या माणसाकडे, गेलो आणि आतल्या केबिनवाल्यांना तीन रात्री आधी डाळ मिळत असेल तर एवढे भाडे आम्ही कशासाठी मोजतो, असे स्पष्ट विचारले. त्याने संगणकात पाहिले, मेनू चाळला आणि नम्रपणे सांगितले की बोटीवर डाळ नावाचा पदार्थच नाही. म्हणून वाचकांना सांगणे आहे, की असा प्रसंग आल्यास तारीख, वेळ आणि टेबलाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि पुराव्यासाठी थोडी डाळ वाटीत शिल्लक ठेवावी. मला ते जमले नव्हते. वाटी मी बोटाने पुसून खाल्ली होती.