सरस्वती नाल्याला मारुती नाही

"पाणी मारुतीच्या कमरेला लागलं," सोन्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं. बाळू चहा तसाच पायरीवर ठेवून उठला आणि दुकानापर्यंत जाऊन आला. शटर बंद होतं, कुलूप होतं, तरी जाऊन आला. त्याच्यामागे तीन पूर आहेत, म्हणून आम्ही कुणी काही बोललो नाही.

नाशिकच्या रविवार कारंजावर एका बंद दुकानाच्या तीन दगडी पायऱ्या आहेत. रात्री नऊनंतर आम्ही तिथं बसतो. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. बाळूचं भांड्यांचं दुकान, सोन्या त्याचा भाचा. नाना सायखेड्याचा, द्राक्षं आणि कांदा. कामानिमित्त शहरात आला की मुक्कामाला माझ्याकडे.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, असा नाशिककर पूर मोजतो. मारुती बुडाला की काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे डोळे लागतात. माझी आई अजून १९६९ च्या पुराची गोष्ट सांगते. माझ्या पिढीनं २००८ पाहिला, मग २०१६, मग २०१९.

"सगळा घोळ धरणाचा," बाळू बसता बसता म्हणाला. "जुलैभर पाणी अडवून ठेवायचं आणि धरण भरलं की एकदम सोडायचं. आधीच थोडं थोडं सोडलं तर काय बिघडतं?"

हे वाक्य दर पावसाळ्यात निघतं आणि दर वेळी अण्णांना लागतं. "बाळू, गंगापूर धरण पुरासाठी नाही बांधलेलं. तू पितोस ते पाणी तिथलं आहे. ऑगस्टमध्ये रिकामं करून ठेवलं आणि पुढे पाऊसच आला नाही तर मार्चमध्ये तूच हंडा घेऊन उभा राहशील. शिवाय १५ ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं. ते कुठून आणायचं?"

"म्हणजे आम्ही बुडायचं."

"तसं नाही म्हणत मी. हिशोब कर. दहा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट सोडलं, तर एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी जायला एक लाख सेकंद लागतात. म्हणजे जवळपास अठ्ठावीस तास. त्र्यंबकला ढग फुटल्यावर दार उघडून जागा होत नसते. जागा करायची तर सव्वा दिवस आधी करायला हवी, आणि तेही अंदाजाच्या भरवशावर. अंदाज चुकला तर शिव्या खायला कोण पुढे येणार?"

मला अण्णांचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. अंदाज आता पूर्वीपेक्षा बरे येतात. सव्वा दिवस आधी निर्णय घेणं अवघड असेल, अशक्य नाही. शिवी खायची भीती हे काही पाणी अडवून ठेवायचं कारण होऊ शकत नाही. मी तसं बोललो तेव्हा अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि गाळ? तो विसरू नका. धरण बांधलं तेव्हा ७.२ टीएमसीचं होतं. आता साधारण ५.६ उरलंय. दीड टीएमसीच्या वर जागा गाळानं खाल्ली. वरचे डोंगर पोखरले, झाडं गेली, ती माती कुठं जाणार? धरणातच येऊन बसते."

नाना इतका वेळ ऐकत होता. "तुमच्याकडून सुटलं की ते आमच्याकडे येतं," तो म्हणाला. "तुमची गोदावरी आणि दारणा, दोन्ही आमच्या वरच्या अंगाला एक होतात. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, त्यात गाळ. पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. सायखेड्याच्या पुलाला पानवेली अडकतात, पुलाचाच बांध होतो. चांदोरीत पाणी, सायखेड्यात पाणी. तुमच्याकडे पाणी ओसरलं की टीव्हीवाले जातात. आमच्या शेतात ते तसंच उभं असतं. सोयाबीन सडतं, चाळीतला कांदा खालून भिजतो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत कांद्याला कोंब."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

सोन्या इंजिनिअरिंगला आहे, त्यानं पूररेषेचा मुद्दा काढला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामच नको. "पण मामा, काठानं बघा ना. लॉन्स, हॉल, भिंती, भराव. नदीनं जायचं कुठून?"

"माझं दुकान पण रेषेतच येतं," बाळू चिडला. "मी अतिक्रमण केलं का? आजोबांच्या आधीपासूनचा बाजार आहे हा. रेषा नंतर आली."

भांडण इथं तापलं, आणि मला वाटतं इथंच ते खऱ्या गोष्टीवर आलं. कारण अण्णांनी बाळूला सरळ विचारलं, "२०१९ ला तुझ्या दुकानात पाणी कुठून शिरलं? समोरून, की मागून?"

बाळू थांबला. "मागून. मोरीतून. आधी मोरी बुडबुडली, मग फरशीवर पाणी आलं. पुढच्या फळ्या मी घट्ट लावल्या होत्या. समोरून यायला खूप वेळ होता."

"मग ती गोदावरी नव्हती. तो सरस्वती नाला."

दहीपुलाखालून, सराफ बाजाराच्या पोटातून हा नाला जातो. नव्या लोकांना तो ठाऊकच नसतो, कारण तो दिसत नाही. वर रस्ता, वर दुकानं. नदी चढली की त्याचं तोंड बुडतं. मग शहरात पडलेला पाऊस नदीत उतरूच शकत नाही, तो मागे फिरतो आणि चेंबरमधून, मोऱ्यांतून वर येतो. एका चौरस किलोमीटरवर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाच कोटी लिटर पाणी होतं. पूर्वी त्यातलं बरंच मातीत मुरायचं. आता अंगणालाही फरशी आणि गल्लीलाही काँक्रीट.

धरणात खडखडाट असताना, जूनच्या एका जोरदार सरीत सराफ बाजारात दुचाक्या वाहताना मी पाहिल्या आहेत. त्या दिवशी धरणातून थेंबही सुटलेला नव्हता. मारुती पायापर्यंत कोरडा होता. तरी दुकानं बुडाली. म्हणूनच, सगळा राग धरणाच्या दारांवर काढणं मला अपुरं वाटतं. धरणाचा विसर्ग निदान जाहीर होतो, भोंगा वाजतो, आकडा येतो, मारुती दिसतो. नाल्याचा ना आकडा, ना भोंगा. सरस्वती नाल्याला मारुती नाही. शहरातल्याच वाघाडी नाल्याला नाही, नासर्डी नदीलाही नाही.

"मग करायचं काय?" सोन्यानं विचारलं.

"नाल्याच्या तोंडाला झडप," अण्णा म्हणाले. "नाला नदीत उतरेल, नदी नाल्यात शिरणार नाही."

"आणि झडप बंद झाल्यावर नाल्याचं स्वतःचं पाणी?" मी विचारलं.

"त्याला पंप. आणि मुळात पाणी कमी येईल असं वर काहीतरी. मोकळी जमीन, जुन्या विहिरी, शोषखड्डे. नुसत्या झडपेनं भागणार नाही."

"म्हणजे तुमचाही फुगवटाच की," नाना बाळूला म्हणाला. "आम्हाला बंधाऱ्याचा, तुला नदीचा." पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं. एरवी शहराचा आणि गोदाकाठचा माणूस एकमेकांच्या पाण्यावरूनच भांडतात.

मला २०२७ च्या सिंहस्थाची काळजी आहे, हे मी तिथं बोललो आणि इथंही लिहितो. घाट होतील, रस्ते होतील, काँक्रीट वाढेल. त्या प्रत्येक कामाआधी एक प्रश्न विचारला जावा, की या जागेचं पाणी आता कुठं जाणार? तो विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

साडेदहाला बाळूनं कुलूप काढलं आणि आम्हाला आत नेलं. माळ्याच्या खांबावर तेलरंगाच्या तीन खुणा आहेत. सगळ्यात वरची २००८ ची, गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हाची. खाली २०१९, त्याखाली २०१६. नानानं हात लावून पाहिला, वरची खूण त्याच्या खांद्याला आली.

"वेळा आठवतात का?" अण्णांनी विचारलं. "मोरी कधी बुडबुडली, फरशीवर कधी आलं?"

बाळूला आठवत होत्या. त्यानं एकेक वेळ सांगायला सुरुवात केली आणि सोन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेऊ लागला. अण्णा म्हणाले, उद्या शेजारच्या चार दुकानांत विचारू, त्यांच्याही वेळा मिळतील. नाना म्हणाला, सायखेड्याच्या मी आणतो.

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. बाळू वाकून मोरीकडे पाहत होता.