तेहोकोतेचं मूळ कुणीही उकळून पिऊ नका

दोन दिवसांत तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय, "मेक्सिकन ख्रिसमसच्या सुकामेवा रेसिपी, चव पण आणि वजनही कमी", आणि या वेळी थेट सांगलीहून मावशीकडून. वर निरोप, तू टेक्सासात आहेस तर जानेवारीत येताना ते मूळ घेऊन ये, इथे मिळत नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी तोच मुद्दा. फॉरवर्ड म्हणतो, मेक्सिकोत नाताळात पोंचे नावाचं गरम पेय करतात, त्यात तेहोकोते हे फळ घालतात, आणि याच झाडाचं वाळलेलं मूळ रोज रात्री उकळून प्यायलं की महिन्यात चरबी जाते, "पूर्णपणे नैसर्गिक". फळाचं खरंय, मान्य. १६ ते २४ डिसेंबर पोसादांच्या, म्हणजे नाताळाआधीच्या सणाच्या नऊ रात्री पोंचे असतंच. आमच्या शेजारच्या आजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या, त्यांच्याकडे दरवर्षी मी तेहोकोते सोलायला बसते. मोठ्या बोराएवढं, पिवळं-केशरी, उकळत्या पाण्यात जरा वेळ ठेवलं की साल बोटाने सुटते, आत पिठूळ गर आणि टणक बिया. पण ते फळ. मुळाचा काढा त्या घरात मी एकदाही पाहिला नाही.

आणि मूळ म्हणून जे ऑनलाइन विकतात ते बऱ्याचदा तेहोकोते नसतंच! अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सप्टेंबर २०२३ मध्ये छापलंय की अशी १० उत्पादनं तपासली आणि त्यातल्या ९ मध्ये पिवळी कण्हेर निघाली. पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी. मावशी, तुझ्या कुंपणाला आहे तीच गं, जिची हिरवी फळं खेळायला घेतली की आजी पाठीत धपाटा घालून आधी हात धुवायला लावायची. तिचं विष हृदयावर जातं, ठोके मंदावतात, चुकतात, माणूस दगावतो. न्यू जर्सीत जेमतेम दोन वर्षांचं बाळ घरातलं असलंच "मूळ" तोंडात घालून हॉस्पिटलात गेलं, तिथून हे उघड व्हायला लागलं. पुढे एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानेही इशारा दिला. नैसर्गिक म्हणाल तर बिट्टीही नैसर्गिकच आहे, म्हणून कुणी तिचा काढा करत नाही.

बाकीचे मुद्दे. "तिखटात मनुका घालणं हे अमेरिकन फ्युजन आहे." साफ चूक. पुएब्लाचे चिलेस एन नोगादा घ्या, मोठ्या मिरचीत खिमा, सफरचंद, पेर, पीच, मनुका भरायच्या, वर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे, ऑगस्ट-सप्टेंबरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास घरोघरी होतात. द्राक्षं आणि बदाम स्पॅनिश लोकांनी नेले एवढं खरं, पण मग आपल्या ठेच्यातली मिरचीही तिकडूनच आलीय, तिला आपण परकी म्हणतो का?

"मोले म्हणजे चॉकलेट सॉस." नाही. मोले म्हणजे मेक्सिकन वाटणाचा दाट रस्सा. त्यात वाळलेल्या मिरच्या मुख्य, चॉकलेट असलंच तर थोडंसं, आणि मनुका तेलात टम्म फुगेपर्यंत तळून मग वाटतात, आपण शिऱ्याला तुपात परततो तसंच.

"सुकामेव्यातली साखर डायबेटिसवाल्यांना बाधत नाही." हे तर काकांनी वाचूच नये. १०० ग्रॅम मनुकांत ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते, नैसर्गिक असली तरी रक्तात जाऊन साखरच.

मावशी, मूळ मी आणणार नाही, पण पोंचे तुझ्याकडे सगळं असताना अडलंय कशाला? पिलोन्सियो म्हणजे तिकडचा गूळ, त्याऐवजी आपला कोल्हापुरी गूळ, दालचिनी, उसाचे करवे, पेरू, चिंच, लाल अंबाडीची सुकी बोंडं, मनुका, सुके आलुबुखार. तेहोकोतेच्या जागी आंबटसर सफरचंद घाल. ऊस आणि सुका मेवा आधी, पेरू शेवटी, नाहीतर पार गळून जातो. काकांना मात्र दोन घोटच दे. आणि तो फॉरवर्ड भिशीच्या ग्रुपवर टाकला असशील तर आत्ता डिलीट कर आणि हे टाक.