पाच लाखांचं कार्ड आणि महिन्याची चिठ्ठी

"पाच लाखांचं कार्ड दिलंय सरकारनं, अजून काय पाहिजे लोकांना?" आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर परवा दाजींनी हे टाकलं आणि जुंपली. त्यांच्या वडिलांची बायपास याच कार्डावर, राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालीय. उलट बाजूनं चुलत बहीण. तिला संधिवात, आणि तिच्या गोळ्यांना आजवर एकाही योजनेनं हात लावलेला नाही. दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर भांडण मिटेना. ग्रुपवर मोठं लिहिलं की लोक न वाचताच अंगठा देतात, म्हणून इथं लिहितोय.

मी सातारा जिल्ह्यात मेडिकल चालवतो. त्यामुळं माझ्या बोलण्यात धंद्याचा वास येणार, तेवढा धरून वाचा.

आधी योजनेचं श्रेय योजनेला. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, कुटुंबाला दीड लाखाचं कवच होतं. २०१७ ला नाव बदललं, २०२० ला आयुष्मान भारतशी जोडली, आणि जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाख. सरकारं बदलली, पाट्या बदलल्या, योजना मात्र टिकली. डायलिसिस, केमो, स्टेंट म्हटलं की पूर्वी आधी रान विकायचं नाव निघायचं. आता आधी कार्ड निघतं. याला नावं ठेवणाऱ्यानं एकदा डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसून यावं.

पण हे सगळं कधी? तर ॲडमिट झाल्यावर. आणि शुगर, बीपी, दमा, थायरॉईड, संधिवात असलेल्या माणसाची सगळी धडपड ॲडमिट होऊ नये यासाठीच चाललेली असते. त्या धडपडीचा खर्च महिन्याच्या महिन्याला असतो आणि तो खिशातूनच जातो. काही ठरावीक आजारांच्या फॉलोअपची पॅकेजेस आहेत, नाही म्हणत नाही. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधंही धरलेली असतात. पण शुगर काही सोळाव्या दिवशी जात नाही. खुद्द दाजींच्या वडिलांची बायपासनंतरची चिठ्ठी दर महिन्याला माझ्याच काउंटरवर येते आणि पैसे दाजी देतात. हे त्यांना ग्रुपवर आठवलं नाही.

आमच्याकडं येणाऱ्या एक मावशी आहेत. पायाला जखम झाली, चिघळली, शेवटी बोट काढावं लागलं. योजनेत झालं सगळं, एक पै लागली नाही, डॉक्टरांनीही चांगलं बघितलं. घरी आल्यावर मुलगा चिठ्ठी घेऊन आला. इन्सुलिन, सिरिंजा, ड्रेसिंगचं सामान, शुगर बघायच्या पट्ट्या. मी बेरीज केली, त्यानं बघितली, आणि म्हणाला, "पट्ट्या राहू द्या." म्हणजे शुगर किती हे आता अंदाजानं. आधीच्या वर्षभरात मावशी इन्सुलिनची बाटली पुरवून पुरवून वापरत होत्या, हे मला खप बघून कळत होतं. बोट काढायला सरकारकडं पैसे होते, ते वाचवायला नव्हते. माझा मुद्दा एवढाच आहे.

काउंटरच्या या बाजूनं आणखी एक दिसतं. दुखण्याची गोळी कुणी अर्धी करत नाही. बीपीची, कोलेस्टेरॉलची करतात. "आज दहाच द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो." कारण ती गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही. जे व्हायचं ते पुढं कधीतरी होतं, पहाटे, आणि तेव्हा मात्र कार्ड चालतं.

हे बदलता येतं का? येतं, आणि त्यासाठी लांब जायला नको. २०१७ च्या शेवटी देशात बीपी नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा होता. जगावेगळं काही नव्हतं त्यात. ठरलेल्या दोन-तीन गोळ्या, एकदम महिन्याचा साठा, घराजवळचं केंद्र, आणि आला नाही त्याला फोन. तामिळनाडूनं ऑगस्ट २०२१ पासून शुगर-बीपीच्या गोळ्या थेट घरपोच द्यायला सुरुवात केली. राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११ लाच सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली. आपल्याकडं १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसुद्धा फुकट झाला. छान झालं. पण केस पेपर फुकट आणि गोळ्यांसाठी बाहेरची चिठ्ठी, असं झालं की तो माणूस फिरून माझ्याच दारात.

खासगी विम्यातही सुधारणा झाल्या. जुन्या आजाराला विमा लागू होईपर्यंतचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आला, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला. ज्याला हप्ता परवडतो त्याला बरं. ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता होणारा खर्च, तिथंही बहुतेक बाहेरच.

बहिणीचं दुखणं मात्र नुसत्या मोफत गोळ्यांनी सुटणार नाही, हेही सांगतो. तिची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी महाग नाहीच. महाग आहे दर काही महिन्यांनी रक्त तपासणं, आणि संधिवाताच्या डॉक्टरसाठी पुण्याचा हेलपाटा, त्यात एक दिवसाची बुडालेली मजुरी. अशा आजारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञाची ठरलेली ओपीडी लागेल. तिला पाच लाखांचे दहा लाख केले तरी काय उपयोग?

"एवढ्यांना फुकट वाटायला पैसा कुठून आणणार?" हा दाजींचा शेवटचा बाण. शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची ॲम्लोडिपिन बाजारातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी आहेत. जेनेरिकच्या पट्टीवरची छापील किंमत आणि माझी खरेदी यात किती अंतर असतं, ते इथं लिहिलं तर आमच्या संघटनेच्या मीटिंगला मला कुणी चहा विचारणार नाही. सरकार लाखोंनी घेणार, त्याला तर आणखी स्वस्त पडेल. औषध खरेदीसाठी वेगळं प्राधिकरणही २०२३ मध्ये कायदा करून आणलंय. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. खोकला-तापावर मेडिकल चालतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मतं मागायला आलं की कार्डाची रक्कम विचारू नका. आपल्या उपकेंद्रात बीपीची गोळी आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन वर्षातले किती महिने असतं, ते विचारा. आणि तुमच्याकडं काय परिस्थिती आहे ते खाली लिहा, गावाच्या नावासकट.