कुंकवानं खाल्लेली बंदूक

आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, दुनळी बंदूक यंदा उन्हाळ्यात दुरुस्तीला दिली, तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, "एवढा खर्च केलास तर जरा चकाचक तरी करून आणायची." त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. गंजलेली बंदूक, मग ग्राइंडर, मग बफ म्हणजे पॉलिशचं चाक, आणि शेवटी आरशासारखी नळी. मला ते बघून पोटात कालवतं. पाटण, जावळी, शिराळा भागात परवान्याच्या अशा जुन्या बंदुका अजून कितीतरी घरांत आहेत आणि त्या अशाच 'नव्या' होऊन यायला लागल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची बारा बोअरची, बर्मिंगहॅमची. 1956 साली आबांनी एका निवृत्त मामलेदाराकडून घेतली. आबा पलटणीतून हवालदार होऊन आलेले, आणि भाताची खाचरं रानाला अगदी लागून. डुकरं एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखं करून जायची. मग माळ्यावर बसून राखण, आणि थंडीत हाका, म्हणजे रान उठवून केलेली शिकार. शिकारीचे वाटे पडायचे तेव्हा माणसागणिक एक आणि बंदुकीचा वेगळा एक. तो आमच्या घरी यायचा. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर आबांनी हाका बंद केला, असं आण्णा, माझे वडील, सांगतात. लगेच केला की दोन-चार वर्षांनी, हे ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. मला स्वतःला शिकारीची हौस नाही. डोंगरापलीकडचं रान आता व्याघ्र प्रकल्पात आहे, ते तसंच राहावं.

माझा जीव आहे तो या बंदुकीच्या मागच्या लाकडी दस्त्यावर.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या माजघराची भिंत कोसळली. माणसं अंगणात पळाली म्हणून वाचली, बंदूक मात्र खुंटीवर होती. दस्ता बरोब्बर मुठीपाशी मोडला. गावात निम्म्या घरांना भिंती नव्हत्या, अशा वेळी नवा दस्ता कोण करत बसणार? सुतारानं सरस लावून सांधा जुळवला आणि वरून तांब्याची तार गुंडाळली. 17 वेढे. तार धरणाच्या कामावरनं 'आलेली' होती, आबा एवढंच म्हणायचे आणि मिशीत हसायचे. त्यानंतर ते जितकी वर्षं बंदूक घेऊन फिरले, त्या तारेवरच त्यांची मूठ असायची. वरचे वेढे झिजून चपटे झालेत. लहानपणी मी त्यावर नख फिरवून आवाज काढायचो.

कोल्हापूरच्या मिस्त्रींनी बंदूक हातात घेतली, नळ्या सुट्या केल्या, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दस्ता नवा घालू. अक्रोडाचा. हा गेला."

"तार काढायची नाही," मी म्हणालो.

"मग वाजवायची नाही."

चहा मागवला आणि अर्ध्या तासात तोडगा निघाला. तार जपून उलगडायची, कुजलेला सरस खरवडायचा, आतून खिळ घालून आजच्या पक्क्या गोंदानं सांधा भरायचा आणि तीच तार पुन्हा गुंडाळायची, तितकेच वेढे. मी आधी चारी बाजूंनी फोटो काढून दिले. नंतर त्यांनी मला बोलावून मोजायला लावले. 17 भरले.

दस्त्याचा पुढचा भाग, जिथं लाकूड लोखंडाला टेकतं, तो काळा ठिक्कर आणि मऊ पडला होता. कारण खोबरेल. आबा बंदुकीला डोक्याचंच तेल लावायचे. ते थंडीत थिजतं आणि एरवी लाकडात मुरत जातं. पूर्वी थंडीत घोडा जड का पडायचा, याचं उत्तर आम्हाला आता मिळालं. मिस्त्रींनी खडूची भुकटी लावून लावून दोन आठवडे उन्हात ते तेल ओढून काढलं. मग जवसाचं तेल, तळहातानं, पातळ थर, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. (घरी कुणी हे करणार असेल तर जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. त्या आपोआप पेट घेतात.)

नळ्यांच्या काळ्या रंगावरून भावाशी खरं वाजलं. त्याला कोऱ्या नळ्या पाहिजे होत्या. हल्ली ठिकठिकाणी कढत कॉस्टिकच्या द्रावणात बुडवून झटपट काळा रंग देतात. एकनळीला ते चालतं. दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी मात्र शिशाकथलाच्या डाखानं जोडलेली असते आणि ते द्रावण डाख खातं. पट्टी सुटली की बंदूक भंगारात. जुनी रीत वेगळी: नळीला मुद्दाम हलका गंज चढवायचा, पाण्यात उकळायची, म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग तारेच्या मऊ लोकरीनं घासायची, आणि हे सात-आठ वेळा. ते चांगलंच दिसतं. पण आबांच्या डाव्या तळव्यानं जिथं रंग घालवून लोखंड पांढरं केलंय, ती जागा मला काळी करायची नव्हती. आणि बफ मारायचाच नव्हता. बफनं बंदुकीवरचा नंबर पुसट झाला तर शस्त्र कायद्याचं कलम 8 आडवं येतं. ओळखखूण पुसणं गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात असं हत्यार सापडेल त्यानंच ती पुसली असं कायदा धरून चालतो; तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. चकाचकवाल्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही.

म्हणून नळ्यांवरचा फक्त जिवंत गंज काढला. तेल लावून, भोकाच्या पैशाच्या कडेनं. पैसा लोखंडापेक्षा मऊ, गंज निघतो आणि चरा उठत नाही.

त्यातच ते कुंकू निघालं. उजव्या नळीवर, कळीच्या जरा पुढं, रुपयाएवढ्या जागेत बारीक खड्डे. मिस्त्री म्हणाले, इथं काहीतरी ओलं बसत होतं. मी ओळखलं. साठ-पासष्ट वर्षं दर खंडेनवमीला आधी आजीनं आणि मग आईनं तिथंच पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि दसऱ्यानंतर बंदूक तशीच घोंगडीत गुंडाळून ठेवली. घोंगडी ओल धरते. चामड्याच्या पिशवीचंही तेच. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा असताना लावलेल्या चिकटपट्टीनं दस्त्याचं पॉलिश उपटलं म्हणून मी 2024 मध्ये दोनदा चडफडलो होतो. घरची पूजा तिला त्याहून जास्त खात होती, हे लक्षात आलं नव्हतं.

माझा सगळा हिशेब इथं चुकला. तोवर माझं म्हणणं सोपं होतं: वापरानं पडलेली खूण ठेवायची, हयगयीनं पडलेली काढायची. मग हे खड्डे कशात धरायचे? मिस्त्री म्हणाले, घासून सपाट करता येतील, पण तिथली भिंत पातळ होईल. मी नको म्हणालो. खरं सांगायचं तर भिंतीची काळजी हे अर्धंच कारण होतं.

आण्णांची तक्रार वेगळीच. "वाजत नाही ती बंदूक कसली?" ते 76 चे आहेत. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडं असलं, तर ते हयातीतच वारसाच्या नावे देता येतं, म्हणून बंदूक आता माझ्या परवान्यावर आहे. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे आजच बघा. मागाहून हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाचे कागद जुळवत बसण्यापेक्षा बरं. पण वाजवायचा निर्णय नाही तो नाहीच. या नळ्यांची कोठी, म्हणजे काडतूस बसायची जागा, 65 मिलिमीटरची. आज सर्रास मिळणारं 70 चं काडतूस आत बसतं आणि तिथंच माणूस फसतो, कारण तो आकडा उडाल्यानंतरच्या लांबीचा असतो. काडतुसाचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यात हा जोडलेला दस्ता. आण्णांना मी दोन डमी काडतुसं आणून दिली. संध्याकाळी ओसरीवर बसून ते चाप ओढतात. टक्. टक्. मग आबांची खडकीची कागदी काडतुसं पावसाळ्यात कशी फुगायची आणि ती तांदळाच्या डब्यात कशी ठेवावी लागायची, ते पुन्हा सांगतात.

राहिली आई. खंडेनवमीच्या आदल्या रात्री तिला घाबरत घाबरतच सांगितलं, की यंदापासून नळीला कुंकू नको. ती काही बोलली नाही. सकाळी बंदूक पाटावर, शेजारी विळे, कोयता, भावाच्या ट्रॅक्टरची किल्ली. सगळ्यांना बोटं लागली. बंदुकीपाशी आल्यावर ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि ओल्या कुंकवाचं बोट खाली ठेवलेल्या परवान्याच्या पुस्तकावर टेकवलं. बरोब्बर शिक्क्यावर.

नूतनीकरणाच्या वेळी साहेब विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.