रिफंड कॅशमध्ये देऊच नका
दुकानदारांनी कार्डाची फसवणूक कशी टाळायची, त्या लेखात स्वाइप मशीन अन् पिनचं बरोबर लिहिलंय, पण रिफंडचा विषय राहूनच गेला. जळगावात फुले मार्केट घ्या नाहीतर धुळ्याचा आग्रा रोड, लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि चोरीचं कार्ड घेऊन फसवणारे लोक बरोब्बर तेव्हाच येतात. कार्डावर मोठी खरेदी करायची, तासाभरात माल परत आणायचा आणि म्हणायचं शेठ कॅश द्या नाहीतर या नंबरवर टाका. द्यायचे नाही भो! ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर रिफंड. कारण कार्ड चोरीचं निघालं तर खरा मालक बँकेत तक्रार करतो, मग चार्जबॅक लागू शकतो म्हणजे ती रक्कम तुमच्या खात्यातून कापली जाते, आणि कॅश तर आधीच गेलेली असते.

टॅपला, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तर, ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून कोणी वीस हजाराचं बिल तोडून तोडून टॅप करा म्हटलं तर सरळ कार्ड मशीनमध्ये टाकून पिन मागा, खरं गिऱ्हाईक रागवत नाही (रागावलं तर रागावू द्या). वेबसाइटवरून विकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, परदेशातल्या कार्डाला कधीकधी ओटीपी लागतच नाही. आणि दुकानातल्या पोरांना सांगून ठेवा, कार्डाचा फोटो काढायचा नाही. चार्जस्लिप (मशीनमधून निघणारी पावती) मात्र बिलाला टाचून ठेवा, शाई उडते तिची म्हणून झेरॉक्स काढलेली बरी. गडबड वाटली की लगेच बँकेला कळवा, फसवणूक झालीच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला पण.